लॉटरीचा बक्षीस तक्ता आणि बोनस अंक: नाशिकमधल्या नवख्यांसाठी

लॉटरीच्या तिकिटावर पहिल्या बक्षिसाची रक्कम सगळ्यांत ठळक छापलेली असते आणि नवखा माणूस तेवढीच वाचतो. खाली बारीक अक्षरात बक्षिसांचा तक्ता असतो, मागच्या बाजूला नियम असतात. तिकिटाची खरी हकीकत त्या बारीक अक्षरात आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून सुटल्यावर चार जणांत मिळून तिकीट घेणारे असोत, की दिवाळी बंपर एकदाच घेऊन पाहणारे असोत, घेतलेल्या तिकिटात नेमके काय घेतले हे प्रत्येकाला कळायला हवे, असे मला मनापासून वाटते. शिवाय आता बऱ्याच घरांतले कुणीतरी लंडनला किंवा टोरांटोला असते. तिकडून निकालाचा फोटो येतो, त्यात सहा चेंडू आणि शेजारी वेगळ्या रंगाचा सातवा, आणि घरात प्रश्न पडतो की हा सातवा कशाला?

दोन्ही गोष्टी क्रमाने पाहू. गणित दहावीपलीकडचे नाही, पण कागद-पेन घेऊन बसा.

पायरी 1: लॉटरी कोणत्या जातीची आहे ते ओळखा

पहिली जात कागदी तिकिटाची. तिकिटावर मालिका आणि क्रमांक आधीच छापलेला असतो, तुम्ही फक्त तिकीट निवडता. 1969 साली सुरू झालेल्या महाराष्ट्र राज्य लॉटरीची साप्ताहिक आणि बंपर तिकिटे या जातीची.

दुसरी जात अंक निवडण्याची. 1 ते 49 किंवा 1 ते 59 अशा अंकांतून खेळणारा स्वतः पाच-सहा अंक निवडतो आणि सोडतीला यंत्रातून चेंडू निघतात. ब्रिटनची लोट्टो, कॅनडाची 6/49, अमेरिकेची पॉवरबॉल या सगळ्या या जातीच्या. बोनस अंकाची भानगड इथलीच.

दोन्हींचे तक्ते वेगळ्या पद्धतीने वाचायचे असतात. एकीचे नियम दुसरीला लावले की गोंधळ होतो.

पायरी 2: कागदी तिकिटाचा तक्ता खालून वर वाचा

समजावण्यासाठी मी एक तक्ता रचतो. खऱ्या तिकिटावरचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच. समजा अ, ब, क, ड, इ अशा पाच मालिका आहेत आणि प्रत्येक मालिकेत 00000 ते 99999 असे एक लाख क्रमांक. एकूण तिकिटे पाच लाख. तिकीट 20 रुपयांचे, म्हणजे सगळी खपली तर विक्री एक कोटीची.

पहिले बक्षीस 20 लाख, ते क 48217 ला लागले. हे एकाच तिकिटाला मिळते; मालिका आणि पाचही अंक जुळायला हवेत. अ, ब, ड आणि इ मालिकेतल्या 48217 ला प्रत्येकी 5,000 रुपये उत्तेजनार्थ, म्हणजे चार तिकिटे. दुसरे बक्षीस 10,000 रुपयांचे आणि ते 'सर्व मालिकांसाठी सामाईक' असे लिहिले आहे. म्हणजे एकच क्रमांक काढतात आणि पाचही मालिकांतल्या त्या क्रमांकाला तेवढी रक्कम मिळते. पाच तिकिटे.

तिसरे बक्षीस 1,000 रुपये, शेवटच्या चार अंकांवर, असे दहा आकडे काढणार. इथे थांबून मोजा. शेवटचे चार अंक 6350 असतील तर 06350, 16350 पासून 96350 पर्यंत दहा क्रमांक होतात, आणि पाच मालिका म्हणजे पन्नास तिकिटे. दहा आकड्यांची मिळून 500. चौथे बक्षीस 100 रुपये, शेवटच्या तीन अंकांवर, पुन्हा दहा आकडे. एका आकड्याला 500 तिकिटे, दहांची मिळून 5,000.

आता प्रत्येक ओळीत 'किती तिकिटे' गुणिले 'किती रुपये' करा. पहिल्याचे 20 लाख, उत्तेजनार्थ 20 हजार, दुसऱ्याचे 50 हजार, तिसऱ्याचे 5 लाख, चौथ्याचे 5 लाख. बेरीज 30 लाख 70 हजार. पाच लाख तिकिटांनी भागले की एका तिकिटामागे 6 रुपये 14 पैसे. वीस रुपयांच्या तिकिटात बक्षिसाच्या रूपाने परत येणारा सरासरी वाटा एवढा.

यापुढची पायरी बहुतेक जण करत नाहीत आणि मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. त्या बेरजेतून पहिले बक्षीस काढून टाका. उरतात 10 लाख 70 हजार. बाकीच्या 4,99,999 तिकिटांना वाटले तर प्रत्येकी 2 रुपये 14 पैसे. म्हणजे तक्त्यातल्या दर तीन रुपयांतले जवळजवळ दोन रुपये एकट्या क 48217 वर आहेत. 'बक्षिसे 5,510' असे जाहिरातीत लिहिता येईल आणि ते खरेही असेल, दर 91 तिकिटांमागे एकाला काहीतरी मिळेल. पण त्या 5,510 पैकी 5,000 बक्षिसे शंभर रुपयांची आहेत. म्हणून कुठलाही तक्ता हातात आला की आधी तळाच्या ओळीकडे पाहा. सगळ्यांत जास्त बक्षिसे तिथे असतात, आणि बक्षीस लागलेच तर बहुधा तिथलेच लागते.

तीन बारकावे पटकन सांगतो. एक, 48218 हे तिकीट 'एका अंकाने हुकले' असे वाटते, पण शेजारच्या क्रमांकाला बक्षीस आहे असे नियमात लिहिलेले नसेल तर 48218 आणि 00003 यांच्यात काहीच फरक नाही. दोन, अंक तेच पण क्रम वेगळा असेल, 48127 असेल, तर ते जुळलेले धरत नाहीत. तीन, पहिले बक्षीस फक्त विकल्या गेलेल्या तिकिटांतूनच काढणार की छापलेल्या सगळ्या तिकिटांतून, हे अटींमध्ये शोधा. न विकलेल्या तिकिटावरही सोडत लागू शकत असेल तर एका तिकिटामागचा वर काढलेला वाटा तेवढाच राहतो; फक्त विकलेल्यांतूनच काढणार असतील आणि काही तिकिटे उरली असतील तर तो वाढतो.

पायरी 3: दहा चिठ्ठ्यांवर बोनस अंक समजून घ्या

कागदाच्या दहा चिठ्ठ्या करा, 1 ते 10 लिहा, घडी घालून डब्यात टाका. घरातल्या प्रत्येकाने कुठलेही तीन अंक निवडून कागदावर लिहावेत. पैसे लावू नका. खासगी माणसाने पैसे घेऊन सोडत चालवणे गुन्हा आहे आणि समजून घ्यायला पैशांची गरजही नाही.

आता तीन चिठ्ठ्या काढा. हे मुख्य अंक. मग त्याच डब्यातून, आधीच्या तीन परत न टाकता, चौथी चिठ्ठी काढा. हा बोनस अंक.

समजा आईचे अंक 2, 5, 9 आहेत. चिठ्ठ्या निघाल्या 5, 9, 4 आणि बोनस 2. आईचे तिन्ही अंक समोर पडलेत, म्हणून ती म्हणणार, मला पहिले बक्षीस. पण पहिल्या बक्षिसाला तिन्ही मुख्य अंक लागतात. आईचे दोन मुख्य जुळले आणि तिसऱ्याच्या जागी बोनस जुळला. ही दुसरी श्रेणी. निकालाचा फोटो पाहून होणारी सगळ्यांत नेहमीची गल्लत ही आहे, म्हणून हा खेळ दोन-चार वेळा तरी खेळून पाहा.

दहांतून तीन अंक एकूण 120 प्रकारे निवडता येतात. त्यातला एक प्रकार तिन्ही जुळणारा. दोन मुख्य अंक जुळणारे 21 प्रकार आहेत. त्यांपैकी ज्यांचा उरलेला अंक बोनस आहे असे फक्त 3, बाकीचे 18 बोनसविना. म्हणजे दोन जुळलेल्यांचा जो एक गट होता, त्यातून बोनसने तीन जण वेगळे काढले आणि त्यांना वरच्या ओळीत बसवले. पहिल्या बक्षिसाची शक्यता बोनसमुळे तसूभरही वाढली नाही.

ब्रिटनच्या लोट्टोत हेच मोठ्या प्रमाणावर चालते. 59 अंकांतून सहा निवडायचे, सहा मुख्य चेंडू निघतात आणि त्याच यंत्रातून सातवा बोनस चेंडू. खेळणारा बोनस अंक वेगळा निवडत नाही. सहा अंकांचे एकूण संच 4,50,57,474. त्यांपैकी पाच मुख्य अंक जुळणारे 318, आणि त्या 318 पैकी सहाव्या जागी बोनस असलेले अवघे 6. शक्यतेच्या भाषेत: सहाही जुळणे साडेचार कोटींत एक, पाच अधिक बोनस सुमारे 75 लाखांत एक, नुसते पाच सुमारे 1 लाख 44 हजारांत एक, चार सुमारे 2,180 मध्ये एक आणि तीन सुमारे 96 मध्ये एक.

बक्षिसे पाहिली की त्या एका चेंडूचे वजन कळते. 2018 साली तिथे केलेल्या तक्त्यात पाच अधिक बोनसला दहा लाख पौंड होते आणि नुसत्या पाचला 1,750 पौंड. दोघांचेही पाच मुख्य अंक जुळलेले, फरक फक्त त्या सातव्या चेंडूचा.

कॅनडाच्या 6/49 मध्ये बोनस आणखी एका ठिकाणी कामाला येतो. तिथे पाच अधिक बोनस ही श्रेणी आहेच, पण दोन अधिक बोनस यालाही छोटे बक्षीस आहे आणि ते सुमारे 81 तिकिटांत एकाला लागते. म्हणून बोनस कुठल्या ओळीत चालतो ते दर लॉटरीच्या तक्त्यात वेगळे पाहावे लागते.

पायरी 4: बोनस त्याच यंत्रातला की दुसऱ्या यंत्रातला?

अमेरिकेच्या पॉवरबॉलमध्ये दोन यंत्रे असतात. पहिल्यातून 69 पैकी पाच पांढरे चेंडू, दुसऱ्यातून 26 पैकी एक लाल. तो लाल अंक खेळणाऱ्याने स्वतः निवडायचा असतो आणि जॅकपॉटला तो जुळावाच लागतो. युरोमिलियन्समध्येही असेच, 50 पैकी पाच अंक आणि 12 पैकी 'तारे' म्हणवले जाणारे दोन अंक.

थोडक्यात, बोनस त्याच यंत्रातून निघत असेल तर तो पहिल्या बक्षिसात लागत नाही, फक्त खालच्या एखाद्या श्रेणीला वर उचलतो. या दोन लॉटऱ्यांसारखा वेगळ्या यंत्रातून निघत असेल तर तो पहिल्या बक्षिसाची अटच असतो आणि शक्यता प्रचंड खाली नेतो. पॉवरबॉलचे पाच पांढरे जुळण्याची शक्यता साधारण 1 कोटी 12 लाखांत एक. तिला 26 ने गुणले की 29,22,01,338 मध्ये एक. सव्वाएकोणतीस कोटी! महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या दुपटीहून जास्त.

तळाच्या ओळीत एक गंमतीचा सापळा आहे. 'फक्त लाल चेंडू जुळला' तर चार डॉलर. लाल चेंडू 26, म्हणजे शक्यता 26 मध्ये एक, असे कुणीही म्हणेल. पण तक्त्यात सुमारे 38 मध्ये एक असे दिसते. कारण 'फक्त' या शब्दात आहे: लाल जुळायला हवा आणि पांढरा एकही जुळायला नको. लालसोबत एखादा पांढरा जुळला की तिकीट वेगळ्या ओळीत जाते. तिकिटावर निवडलेल्या अंकांच्या एका संचाला एकदाच आणि सर्वांत वरच्या पात्र श्रेणीचे बक्षीस मिळते, सगळ्या श्रेणींची बेरीज होत नाही.

पॉवर प्ले हा तिथला जादा पैसे भरून घेण्याचा पर्याय. त्याने खालची बक्षिसे काही पटींनी वाढतात, जॅकपॉट नाही.

पायरी 5: रक्कम ठरलेली की वाटून घ्यायची?

तक्त्यातल्या काही श्रेणींची रक्कम ठरलेली असते. कितीही विजेते निघाले तरी प्रत्येकाला तेवढीच. काही श्रेणींना एकूण निधी ठरलेला असतो आणि विजेते तो वाटून घेतात.

30 मार्च 2005 च्या पॉवरबॉल सोडतीत दुसऱ्या श्रेणीचे, म्हणजे पाच पांढरे जुळलेले पण लाल न जुळलेले, 110 विजेते निघाले. एरवी असे मोजके चार-पाच निघतात. घोटाळ्याचा संशय आला, चौकशी झाली, तेव्हा कळले की बऱ्याच जणांनी अंक फॉर्च्युन कुकी नावाच्या बिस्किटातल्या चिठ्ठीवरून घेतले होते. चिठ्ठीवर 22, 28, 32, 33, 39 आणि 40. पाच बरोबर आले, लाल मात्र 42 निघाला. श्रेणी ठरलेल्या रकमेची होती म्हणून प्रत्येकाला एक लाख डॉलर मिळाले, पॉवर प्ले घेतलेल्यांना पाच लाख.

आता उलट उदाहरण. 14 जानेवारी 1995 ला ब्रिटनमध्ये सहाही अंक जुळलेले 133 जण निघाले. तो जॅकपॉट वाटून घ्यायचा होता. 1.6 कोटी पौंडांहून मोठा निधी, पण प्रत्येकाच्या वाट्याला 1,22,510 पौंड.

म्हणून वाटणीच्या लॉटरीत सगळ्यांना सुचणारे अंक, जन्मतारखा, 1-2-3-4-5-6, हे निवडले तर जिंकण्याची शक्यता बदलत नाही, पण जिंकलात तर वाटेकरी वाढतात. अंकांच्या निवडीत विचार करण्यासारखे एवढेच आहे. 'हा अंक खूप दिवसांत आला नाही, आता येणारच' असे म्हणत वहीत तक्ते मांडणारे बरेच जण भेटतात, कळकळीने मांडतात. पण चेंडूला मागची सोडत आठवत नाही. दर सोडतीला सगळे चेंडू पुन्हा यंत्रात जातात आणि प्रत्येकाची संधी सारखीच असते. त्या वहीवर विश्वास ठेवून जास्त पैसे लावू नका. किती रुपये घालवायचे ते महिन्याच्या सुरुवातीला ठरवा आणि हरलेले भरून काढायला त्यात वाढ करू नका. घरातल्या कुणाला हे आवरत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येते.

पायरी 6: समोरची लॉटरी कायदेशीर आहे का?

लॉटरी विनियमन अधिनियम 1998 मधल्या काही अटी ग्राहकाला ओळखीच्या खुणा म्हणून उपयोगी पडतात. तिकिटावर राज्य सरकारचे चिन्ह आणि छाप हवी. एकाच अंकावर बक्षीस देता येत नाही. म्हणजे 0 ते 9 पैकी एक अंक सांगा आणि दहाचे नव्वद घ्या, असे कुणी म्हणत असेल तर बाहेर पाटी काहीही असो, ती राज्य लॉटरी नव्हे. एका राज्याला वर्षात सहापेक्षा जास्त बंपर सोडती काढता येत नाहीत, त्यामुळे दर आठवड्याला 'बंपर' निघत असेल तर शंका घ्या. नाशिकरोडच्या प्रेसमुळे नोटा आणि मुद्रांकांच्या छपाईतले बारकावे या शहरात घरोघरी ठाऊक आहेत. तीच नजर तिकिटावर टाका. पुसट छपाई, खाडाखोड, चिकटवलेला क्रमांक दिसला तर घेऊ नका.

परदेशी लॉटरीबद्दल स्पष्ट सांगतो. भारतातून लॉटरी तिकिटासाठी परदेशी पैसे पाठवायला परकीय चलनाच्या 2000 सालच्या नियमांनी बंदी आहे. लंडनच्या भाचीने तिथे राहून तिथले तिकीट घेणे वेगळे. नाशिकला बसून ॲपवरून घेणे नियमाबाहेर. तिचा तक्ता वाचून द्या, पैसे पाठवू नका.

आणि 'तुमच्या मोबाइल नंबरला 25 लाखांची लॉटरी लागली, आधी टॅक्स भरा' असा निरोप आला तर तो फसवणुकीचाच. तिकीट न घेता लॉटरी लागत नाही, आणि खऱ्या बक्षिसाचा कर रकमेतूनच कापतात, आधी मागत नाहीत. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर लगेच फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

पायरी 7: बक्षीस लागले तर

निकाल विक्रेत्याच्या तोंडून ऐकून समाधान मानू नका. सरकारी निकालपत्रकाशी मालिका, क्रमांक, सोडतीची तारीख आणि सोडतीचे नाव, चारही गोष्टी ताडून पाहा. जुळले तर तिकिटाच्या मागे स्वतःचे नाव, पत्ता, सही करा आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. तो फोटो ग्रुपवर टाकू नका. तिकीट चुरगळू, भिजवू, लॅमिनेट करू नका. गटाने घेतले असेल तर कोणाचा किती वाटा हे सोडतीआधीच कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतलेल्या असाव्यात.

छोटी रक्कम विक्रेत्याकडे मिळते. मोठ्या रकमेचा दावा वाशीच्या लॉटरी आयुक्त कार्यालयात करायचा. नाशिकरोडहून रेल्वेने ठाणे आणि तिथून लोकलने वाशी. दाव्याची मुदत तिकिटावर छापलेली असते आणि ती उलटली की रक्कम सरकारजमा होते, म्हणून निकालाच्या दिवशीच ती तारीख कॅलेंडरवर लिहा. पॅन, आधार, बँकेचा तपशील सोबत लागतो.

10,000 रुपयांवरच्या बक्षिसातून 30 टक्के कर उगमस्थानीच कापला जातो. एक लाखाच्या बक्षिसाचे हातात 70,000 येतात. त्या करावर 4 टक्के उपकर धरून एकूण कर 31,200 होतो, त्यामुळे उरलेले 1,200 रुपये विवरणपत्र भरताना द्यावे लागतात. तुमचे बाकी उत्पन्न करपात्र नसले तरी या रकमेला सूट नाही, आणि आजवर घेतलेल्या तिकिटांचा खर्चही त्यातून वजा करता येत नाही. कर कापल्याचे प्रमाणपत्र मागून घ्या. विवरणपत्र भरताना ते लागते.